अथेन्सचा रंगवलेला प्याला वाचायचा कसा

संग्रहालयातला काइलिक्स बहुतेक वेळा अर्धाच दिसतो. कपाटात सरळ ठेवलेला असेल तर आतले चित्र वरून वाकल्याशिवाय दिसत नाही. आतले चित्र दिसावे म्हणून कलता बसवलेला असेल तर बाहेरची एक बाजू भिंतीकडे जाते. उथळ वाडगा, दोन आडवे कान, खाली दांडा आणि बैठक असा हा वाइनचा प्याला अथेन्सच्या कुंभारांनी इ.स.पू. सहाव्या आणि पाचव्या शतकांत हजारोंनी घडवला. त्यावरची चित्रे प्याला भरताना, उचलताना, तिरपा करताना आणि रिकामा होताना टप्प्याटप्प्याने दिसावीत अशी योजलेली असत. त्यामुळे पाहणाऱ्याचे पहिले काम म्हणजे प्याला मनातल्या मनात कपाटातून काढून हातात घेणे. पुढचा सगळा क्रम त्यासाठीच आहे.

एका दालनात असे तीस-चाळीस प्याले असतात. सगळे पाहायला जाऊ नका. एक निवडा आणि त्याला अर्धा तास द्या. जवळ कोरी वही, पेन्सिल आणि पाच पटीचे छोटे भिंग असू द्या. बऱ्याच दालनांत शाईचे पेन चालत नाही, फ्लॅश तर कुठेच नाही.

पहिली पायरी: चित्र सोडा, बाजूची रेषा पाहा

गुडघ्यात वाकून डोळे प्याल्याच्या काठाच्या पातळीवर आणा आणि काठापासून बैठकीपर्यंतची एकच रेषा वहीत काढा. तीन गोष्टी तपासा. काठ वाडग्यापासून खाच घालून वेगळा केला आहे का? वाडगा आणि दांडा जुळतात तिथे कडे आहे का? दांडा उंच आणि बारीक आहे की आखूड आणि जाड? एवढ्यावरून प्याल्याचा काळ पंचवीस-तीस वर्षांच्या फरकाने सांगता येतो. चित्राची शैली पाहून तारीख ठरवण्यापेक्षा हे नवशिक्याला जास्त भरवशाचे, कारण चित्रकार जुनी शैली वर्षानुवर्षे धरून बसतात, पण चाकावरचा आकार कारखान्याबरोबर बदलतो.

काठ वेगळा, बैठक बुटकी आणि बाहेर पोटाशी फुगीर कपडे घातलेले नाचे असतील तर तो इ.स.पू. 585 ते 570 च्या आसपासचा कोमास्त प्याला. बैठक थोडी उंच आणि शंकूसारखी झाली की सियाना प्याला, साधारण 575 ते 550. हे नाव ऱ्होड्स बेटावरच्या सियाना गावावरून पडले. 560 ते 530 च्या दरम्यान दांडा एकदम उंच आणि नाजूक होतो आणि चित्रे बोटाच्या पेराएवढी होतात. हे ‘लिटल मास्टर’ प्याले. यांत दोन जाती आहेत. एकीत काठ मातीच्या रंगाचा ठेवून त्यावर एक-दोन आकृत्या काढतात. दुसरीत काठ काळा आणि कानांच्या पातळीवर चित्रांची पट्टी असते.

पुढचे आकार संशोधक अक्षरांनी ओळखतात. ‘ए’ प्रकार 540-535 च्या सुमारास येतो. काठ आणि वाडगा यांत खाच नसते, सांध्यावर उठून दिसणारे कडे असते, दांडा आखूड आणि भक्कम असतो. बाहेर मोठे डोळे रंगवलेले प्याले याच घडणीचे. ‘बी’ प्रकार 520 नंतरचा, आणि माझ्या मते ग्रीक कुंभारकामातला हा सर्वांत देखणा आकार: काठापासून बैठकीच्या कडेपर्यंत एकच न तुटणारी वक्ररेषा, मध्ये कडे नाही, खाच नाही. लाल आकृत्यांचे, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर मातीच्या रंगाच्या आकृत्या असलेले, बहुतेक नावाजलेले प्याले या घडणीचे आहेत. ‘सी’ प्रकारात काठ बहुधा आत दबलेला असतो आणि बैठक जाड असते. तो रोजच्या वापराला टिकाऊ, पण त्यावर चित्रे कमी.

शेजारची भांडी काइलिक्स समजू नका. खोल, दांडा नसलेला आणि कान काठाजवळ असलेला तो स्किफॉस. उंच उभे कान असलेला कँथरॉस; तो चित्रांत बहुधा वाइनचा देव डायोनिसस याच्या हाती असतो. कान नसलेली आणि मध्यभागी उंचवटा असलेली थाळी म्हणजे फियाले. ती देवाला अर्घ्य देण्यासाठी वापरत.

दुसरी पायरी: माप घ्या आणि वाइन ओता

पाटीवर व्यास दिलेला असतो. तो कानांसह आहे की कानांशिवाय हे आधी पाहा, कारण दोहोंत सात-आठ सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. कानांशिवाय 20 ते 25 सेंटिमीटर हे नेहमीचे माप. 40 च्या पुढचे प्याले बहुधा मिरवण्याचे किंवा देवाला वाहण्याचे.

23 सेंटिमीटर व्यास आणि 6 सेंटिमीटर खोली असलेला वाडगा गोलाचा तुकडा मानून हिशेब केला तर काठोकाठ सुमारे 1.36 लिटर मावते. तोच अर्ध्या खोलीपर्यंत, म्हणजे 3 सेंटिमीटर भरला तर फक्त 370 मिलिलिटर. उथळ भांड्यात शेवटच्या घोटांपर्यंत तळ झाकलेला राहतो आणि पातळी उतरली की चित्र कडेकडून मध्याकडे उघडत जाते. घरी करून पाहायचे असेल तर उथळ काचेच्या वाडग्याखाली आतल्या चित्राची छापील प्रत ठेवा, वर कोरा चहा ओता आणि पळीने काढत जा. कोणता भाग आधी दिसतो आणि कोणता शेवटी, ते टिपून ठेवा.

प्याल्यात निखळ वाइन सहसा नसे. निखळ पिणे हे रानटी लोकांचे काम, असे ग्रीक मानत. क्रेटर नावाच्या रुंद भांड्यात पाणी मिसळत, आणि मिश्रण किती कडक हे पिण्याच्या मैफलीचा म्होरक्या ठरवत असे. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीने तीन भाग पाणी आणि एक भाग वाइन हे प्रमाण सांगितले आहे. पाचास दोन आणि दोनास एक हीही प्रमाणे चालत. 14 टक्के मद्यार्काची वाइन धरली तर तीनास एक या मिश्रणात साडेतीन टक्के उरतो. रात्रभर पिऊनही कविता म्हणता येतात त्या या हिशेबामुळे. पातळ मिश्रणातून तळाचे चित्र अंधुक दिसत असणार, हेही लक्षात ठेवा.

पिणारा डाव्या कोपरावर टेकून दिवाणावर आडवा असे. पुरुषांच्या दालनात भिंतीकडेने सात, अकरा किंवा पंधरा दिवाण मांडलेले असत, म्हणजे प्रत्येक जण समोरच्याच्या प्याल्याची बाहेरची बाजू पाहत असे. प्याला उचलताना बैठक किंवा दांडा बोटांत धरत, कधी एक कान. रिकामा प्याला कानातून खुंटीला टांगत. बर्लिनच्या संग्रहात डूरिस या चित्रकाराचा शाळेची दृश्ये असलेला प्याला आहे, त्यातल्या भिंतीवर असे टांगलेले प्याले दिसतात. टांगलेल्या प्याल्याचे आतले चित्र भिंतीकडे जाते आणि बाहेरची बाजू दालनाची शोभा होते.

कानाचा आणखी एक उपयोग कोटाबोस या खेळात होता. तर्जनी कानात अडकवून मनगटाच्या झटक्याने तळाचा गाळ नेमावर फेकायचा. नेम म्हणजे उंच काठीवर तोललेली ब्राँझची चकती, किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या बशा. चकती खाली पडून आवाज झाला पाहिजे, बशी बुडाली पाहिजे. चित्रात एखाद्याच्या बोटाला प्याला अडकलेला आणि हात मागे वळलेला दिसला तर तो पीत नसून नेम धरतो आहे.

तिसरी पायरी: आतले वर्तुळ

आता वरून वाका. तळाच्या गोल चित्राला टोंडो म्हणतात. चित्राची उभी रेघ दोन कानांना जोडणाऱ्या रेघेशी काटकोनात आहे का ते आधी तपासा. कित्येकदा ती थोडी फिरलेली सापडते. कानांचा मेळ चित्रकाराने किती सांभाळला हे त्यावरून कळते, आणि छायाचित्रांत चित्र सरळ करून छापतात म्हणून ही गोष्ट फक्त प्रत्यक्षच दिसते.

मग चौकट. सुरुवातीच्या लाल आकृत्यांच्या प्याल्यांत वर्तुळाभोवती मातीच्या रंगाची एक बारीक रेघ सोडलेली असते. इ.स.पू. 500 च्या आसपास चौकोनी वळणांची नक्षी रूढ होते आणि पुढे तिच्यात मधूनमधून फुलीचे चौकोन येतात.

उभ्या माणसाला गोलात बसवायचे कसे, हा प्रत्येक चित्रकाराचा पेच. वाकलेला, धावता-धावता गुडघा टेकलेला, लवंडलेला किंवा ढाल धरलेला माणूस टोंडोत पुन्हापुन्हा येतो तो या गोलामुळे. काही जण खाली आडवी रेघ मारून जमीन करतात आणि खालचा तुकडा वाया घालवतात. म्युनिकच्या संग्रहातला इ.स.पू. 460 च्या सुमाराचा, 43 सेंटिमीटर व्यासाचा पेंथेसिलेआचा प्याला यासाठी शिकण्यासारखा आहे. अकिलीस अमॅझॉन राणीच्या छातीत तलवार खुपसतो आहे, आणि दोघे एवढे मोठे काढले आहेत की ताठ उभे राहिले तर वर्तुळ फोडून बाहेर पडतील. चित्रातला कोंडमारा जागेच्या टंचाईतून आला आहे.

म्युनिकमध्येच एक्झेकियास या चित्रकाराचा प्याला आहे: व्हुल्ची इथे सापडलेला, 30.5 सेंटिमीटरचा, इ.स.पू. 540-530 चा. त्याने चौकट टाकूनच दिली. आतला जवळजवळ सगळा भाग पोवळ्याच्या लाल झिलईने भरला आणि त्यावर एक नाव तरंगत ठेवली. नावेत डायोनिसस पिणाऱ्यासारखाच लवंडलेला, डोलकाठीवर चढलेल्या वेलीला सात घड, भोवती सात डॉल्फिन. खाली पाण्याची रेघच नाही. समुद्र प्याल्यातल्या वाइनने पुरवायचा आहे. रिकाम्या प्याल्यात हे चित्र अपुरे असते, आणि संग्रहालयात तो कायम रिकामाच असतो.

चौथी पायरी: बाहेरून फेरी मारा

दोन कानांमुळे बाहेरचे चित्र दोन बाजूंत तुटते. याद्यांत त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणतात, पण कोणती मुख्य हे ठरवणारा संशोधक असतो, कुंभार नव्हे. कानाखाली पानांची नक्षी असेल तर तिथे दृश्य संपते. तिथे आकृती, रथ किंवा झाड असेल तर दृश्य पुढे सरकते, मग दोन्ही बाजू एकच गोष्ट म्हणून वाचा.

पिणारा प्याला तोंडाला लावून कलता करतो तेव्हा पलीकडचा काठ वर येतो, बैठक समोरच्याकडे रोखली जाते आणि बाहेरच्या आकृत्या सरळ उभ्या दिसतात. डोळ्यांच्या प्याल्यात मग पिणाऱ्याच्या चेहऱ्यावर मुखवटा चढतो: रंगवलेले दोन मोठे डोळे, कानांच्या जागी मातीचे कान आणि बैठकीचे गोल तोंड. अशा प्याल्यांच्या टोंडोत अनेकदा गॉर्गन या राक्षसीचा जीभ काढलेला चेहरा असतो.

आतले आणि बाहेरचे चित्र एकत्र वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. वुर्झबर्गमधल्या ब्रिगोस चित्रकाराच्या प्याल्यावर (साधारण इ.स.पू. 490-480) बाहेर झिंगलेले पुरुष गात-नाचत निघाले आहेत. आत एक तरुण ओकतो आहे आणि एक बाई त्याचे डोके धरून उभी आहे. हे पिणाऱ्याला कधी दिसते? सगळे पिऊन झाल्यावर. बर्लिनच्या ‘फाउंड्री’ प्याल्यावर बाहेर ब्राँझच्या पुतळ्यांचा कारखाना आहे. भट्टी पेटलेली, एका पुतळ्याचे शीर अजून धडाला न जोडलेले. आत हेफाइस्टॉस देव अकिलीसची शस्त्रे त्याच्या आईला, थेटिसला देतो आहे. बाहेर घाम गाळणारे कारागीर आणि आत त्यांचा देव. हा मेळ योगायोगाचा नाही. सगळे प्याले एवढे जुळवलेले नसतात. पुष्कळांत बाहेर तीन-तीन तरुण अंगावर वस्त्र लपेटून बोलत उभे असतात आणि आत चौथा. तिथे ओढूनताणून अर्थ काढू नका, तो कारखान्याचा ठराविक माल आहे.

माणसे ओळखण्यासाठी चेहरा उपयोगाचा नाही, हातातली आणि भिंतीवरची वस्तू पाहा. सिंहाचे कातडे आणि गदा हेराक्लीसची. शिरस्त्राण, भाला आणि सापांच्या किनारीचे वस्त्र अथेनाचे. पंखांचे जोडे आणि प्रवासी टोपी हर्मीसची. घोड्याचे शेपूट आणि टोकदार कान असले की सॅटिर, म्हणजे डायोनिससचा रानटी सोबती. मागे स्पंज, तेलाची लहान कुपी आणि अंग खरवडायची पट्टी टांगलेली असेल तर जागा व्यायामशाळा. लायर आणि लिहिण्याच्या पाट्या असतील तर शाळा. दाढी असलेला प्रौढ, नसलेला तरुण. काळ्या आकृत्यांच्या चित्रांत गोरी कातडी बायकांची.

पाचवी पायरी: रेषा कशी काढली ते शोधा

काळ्या आकृत्यांच्या पद्धतीत आकृती काळ्या झिलईने भरतात आणि आतले तपशील टोकदार हत्याराने कोरतात, त्यामुळे रेषा खोलगट असते आणि तिच्यातून माती दिसते. वर पांढरा आणि जांभळट लाल रंग चढवतात. पांढरा लवकर झडतो, म्हणून एखादी बाई अंधारात हरवल्यासारखी दिसली तर तिथे पूर्वी पांढरा होता. इ.स.पू. 530-520 च्या दरम्यान अथेन्समध्येच पद्धत उलटली. पार्श्वभूमी काळी, आकृती मातीच्या रंगाची आणि तपशील कुंचल्याने. संक्रमणाच्या काळात ओल्टॉस आणि एपिक्टेटॉस यांनी आत काळी आणि बाहेर लाल आकृती अशी दुहेरी कामे केली. ती हुकवू नका, एका भांड्यात दोन्ही पद्धती शेजारी तपासता येतात.

आता डोके डावी-उजवीकडे हळूहळू हलवा, म्हणजे दिव्याचे प्रतिबिंब झिलईवरून सरकेल. लाल आकृत्यांत चार गोष्टी दिसायला हव्यात. पहिली, उठावाची रेषा: दाट झिलईची, बारीक, बोटाला लागेल इतकी उंच. चेहऱ्याच्या कडा आणि कपड्याच्या चुण्या यांच्यासाठी ती वापरत. दुसरी, पातळ केलेल्या झिलईची मधासारखी तपकिरी रेषा, स्नायू आणि केसांच्या बटांसाठी. तिसरी, आकृतीभोवती सुमारे 3 मिलिमीटर रुंदीचा पट्टा. चित्रकार आधी या पट्ट्याने कडा सुरक्षित करत आणि मग उरलेली पार्श्वभूमी मोठ्या कुंचल्याने भरत, त्यामुळे पट्ट्यावर झिलई दोनदा चढते आणि पायरी उरते. चौथी, कच्चे रेखाटन: ओलसर मातीत बोथट टोकाने दाबलेल्या ओळी. वस्त्राखालचे नग्न पाय आधी काढलेले, हात आधी दुसरीकडे होता, असे बदल यातून कळतात. या ओळी छायाचित्रात क्वचितच येतात.

तिसरी पद्धत पांढऱ्या लेपाची. प्याल्यांत ती थोडी आहे, कारण हा लेप वापराने घासला जातो. डेल्फीच्या संग्रहालयातल्या अशा प्याल्यात अपोलो बसून अर्घ्य ओततो आहे आणि समोर एक काळा पक्षी आहे. तो एका थडग्यात सापडला.

सहावी पायरी: भट्टीतल्या चुका वाचा

याच पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मला वाटते, कारण चुका पाहिल्या की घडण समजते.

काळा रंग हा रंग नव्हेच. अथेन्सच्या लोहयुक्त मातीतलाच सर्वांत बारीक गाळ म्हणजे ही झिलई. माती पाण्यात कालवायची, कण सुटे राहावेत म्हणून राखेसारखा क्षार घालायचा, जाड कण खाली बसू द्यायचे, वरचे गढूळ पाणी काढून घ्यायचे, पुन्हा बसू द्यायचे आणि शेवटी उरलेले आटवून दाट करायचे. भांडे आणि झिलई एकाच मातीची असल्याने भाजण्यापूर्वी दोन्हींच्या रंगांत फार फरक नसे. चित्रकार जवळजवळ तांबड्यावर तांबडे काढत होता, आणि चित्र भट्टी उघडल्यावर दिसे.

वाडगा आणि बैठक चाकावर वेगवेगळी काढत. दोन्ही अर्धवट सुकली की खरडून पातळ करत, घोटून गुळगुळीत करत आणि पातळ मातीने जोडत. कान हाताने वळून लावत. एक भाग जास्त सुकलेला आणि दुसरा ओला असेल तर आकसण्यातल्या फरकाने सांध्याला तडा जातो. प्याले नेमके याच सांध्यात तुटतात, कारण रुंद वाडग्याचा सगळा ताण बारीक दांड्यावर येतो.

भाजणी एकाच आचेत, पण तीन टप्प्यांत. पहिल्यात हवा मोकळी ठेवून सुमारे 800 अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. सगळे भांडे लाल होते. दुसऱ्यात झरोके बंद करतात, ओले किंवा हिरवे लाकूड घालतात आणि 900-950 अंशांपर्यंत चढवतात. प्राणवायू कमी पडतो, लोहाचे लाल ऑक्साइड काळ्यात बदलते, सगळे भांडे काळे-करडे होते. याच उष्णतेत झिलईचे बारीक कण वितळू लागतात आणि काचेसारखे बंद होतात. तिसऱ्यात भट्टी थोडी निवू देऊन हवा पुन्हा सोडतात. भांड्याची माती सच्छिद्र, तिच्यात हवा शिरते आणि ती परत लाल होते. झिलईत हवा शिरू शकत नाही, ती काळी राहते. जर्मन रसायनतज्ज्ञ थिओडोर शुमान यांनी 1940 च्या दशकात हे कोडे प्रयोगाने उलगडले. आपल्याकडचे कुंभार आवा बुजवून धूर कोंडून काळी मडकी काढतात, ती या क्रियेच्या दुसऱ्या टप्प्यावर थांबतात. अथेन्सचे कसब तिसऱ्या टप्प्यात आहे.

आता डाग पाहा. झिलईवर तांबूस-तपकिरी ढग असेल तर तिथे धूर पुरेसा पोहोचला नाही किंवा उष्णता कमी पडल्याने झिलई बंद झाली नाही आणि शेवटच्या हवेत परत लाल झाली. ढग एका बाजूलाच असेल तर ती बाजू दुसऱ्या भांड्याला खेटून होती. आतल्या बाजूला टोंडोभोवती नेमके गोल लालसर कडे उमटले असेल तर प्याले एकावर एक रचले होते आणि वरच्याची बैठक तिथे टेकली होती. माती करडी राहिली असेल तर उष्णता जास्त झाली किंवा शेवटची हवा लवकर बंद केली. छोटा खड्डा आणि तळाशी पांढरा कण दिसला तर मातीत चुनखडी राहिली होती. ती भाजल्यावर ओल शोषून फुगते आणि वरचा पापुद्रा उडवते. अंगठ्याएवढा सुटलेला भाग बहुधा लेप लावताना धरल्याची जागा.

आच तपासायला झिलई लावलेल्या, भोक पाडलेल्या खापऱ्या भट्टीत ठेवत आणि आकड्याने बाहेर ओढून रंग पाहत. घुमटाची भट्टी आणि तिच्यावर चढलेला कुंभार कॉरिंथजवळ पेंतेस्कूफिया इथे सापडलेल्या मातीच्या छोट्या फलकांवर रंगवलेले आहेत. ते फलक मुख्यतः बर्लिन आणि लूव्हरमध्ये आहेत.

सातवी पायरी: अक्षरे

झिलईवर जांभळट लाल रंगात बारीक अक्षरे असतात आणि ती झडलेली असतात, म्हणून पुन्हा डोके हलवून चकाकीतला मंद ठसा शोधा. ओळ बहुधा आकृतीच्या तोंडापासून किंवा डोक्यापासून सुरू होऊन बाहेर जाते. आकृती डावीकडे पाहत असेल तर अक्षरे उजवीकडून डावीकडे वाचावी लागतात.

चार प्रकार सापडतात. माणसांची नावे. सही: ‘एपोइएसेन’ म्हणजे घडवले, ‘एग्राप्सेन’ म्हणजे रंगवले, घडवणारा हा कधी कारखान्याचा मालकही असे. कौतुक: ‘हो पाइस कालोस’, मुलगा देखणा आहे, किंवा लेआग्रोससारखे नाव घालून तो देखणा. लेआग्रोस अनेक चित्रकारांच्या कामांवर येतो, त्यामुळे ती सगळी कामे एकाच पिढीची ठरतात. आणि पिणाऱ्याला उद्देशून: लिटल मास्टर प्याल्यांवर ‘खूश राहा आणि चांगले प्या’ अशी ओळ पट्टीत लिहिलेली असते. पुष्कळ ओळी निव्वळ निरर्थक अक्षरांच्या आहेत. त्यांचा अर्थ लावत बसू नका. लिहिता न येणाऱ्यानेही लिहिल्याचा देखावा केला आहे.

आठवी पायरी: हात ओळखणे

पाटीवर ‘अमुक चित्रकार’ असे नाव असते. सही सापडली नाही तर ते संशोधकांनी दिलेले असते: ब्रिगोस हा सही करणारा कुंभार, त्याच्या प्याल्यांवर काम करणारा तो ‘ब्रिगोस चित्रकार’, अँटिफॉन चित्रकाराचे नाव त्याने कौतुक केलेल्या तरुणावरून. ऑक्सफर्डचे जॉन बीझली (1885-1970) यांनी कान, घोटा, गुडघा, नाकपुडी यांच्या सवयीच्या रेषांवरून हजारो भांडी हातवार लावली. त्यांच्या नावाच्या संग्रहाची यादी आज संगणकावर पाहता येते आणि तिच्यात एक लाखाहून अधिक नोंदी आहेत.

स्वतः सराव करायचा तर एकाच चित्रकाराच्या तीन प्याल्यांवरचा फक्त कान आणि पायाचा घोटा मोठा करून काढा. डोळा वेगळा काढा, कारण तो हातापेक्षा काळ सांगतो. आधी बाजूच्या चेहऱ्यावर समोरून दिसणारा बदामी डोळा असतो. 500 च्या सुमाराला बाहुली नाकाच्या दिशेने सरकते, मग आतला कोपरा उघडतो आणि पाचव्या शतकाच्या मध्याकडे खरा बाजूचा डोळा येतो. बर्लिनमध्ये सोसियासच्या सहीचा प्याला पाहा. अकिलीस जखमी पॅट्रोक्लसच्या दंडाला पट्टी बांधतो आहे, पॅट्रोक्लस मान वळवून दात दाखवतो आहे, आणि डोळ्यांचे कोपरे उघडे आहेत. इ.स.पू. 500 च्या आसपास हे धाडसच होते.

शेवटची पायरी: तुटफूट आणि पाटी

काठालगत दोन-दोन बारीक भोके दिसली तर प्याला प्राचीन काळीच फुटला होता आणि धातूच्या आकड्यांनी सांधला होता. म्हणजे कोणाला तरी तो टाकवेना. एकसारखा सपाट, चमक नसलेला काळा पट्टा हा आधुनिक भरणा असतो. एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती करणारे हरवलेले पाय आणि चेहरे बिनदिक्कत रंगवून टाकत, आणि कधी दुसऱ्याच प्याल्याची बैठक चिकटवत. बैठक आणि वाडगा यांच्या झिलईची छटा जुळते का ते पाहिल्याशिवाय पहिल्या पायरीतल्या रेषेवर तारीख ठरवू नका.

पाटीवर शेवटी सापडल्याची जागा वाचा. व्हुल्ची, चेर्वेतेरी ही नावे पुन्हापुन्हा येतील. ही इटलीतली एट्रुस्कन गावे. 1828 पासून व्हुल्चीच्या थडग्यांतून भांड्यांचा पूर आला. अथेन्सचे कितीतरी उत्तम प्याले शाबूत राहिले ते एट्रुस्कन लोकांनी विकत घेऊन मृताजवळ ठेवले म्हणून. बैठकीच्या खालच्या बाजूला खरडलेल्या खुणा व्यापाऱ्यांच्या असतात; खाली आरसा ठेवला असेल तर पाहून घ्या. जागेचा रकाना रिकामा असेल आणि प्याला 1970 नंतर बाजारात आलेला असेल तर तो चोरून उकरलेला असण्याची शक्यता मोठी. युफ्रोनिओसने घडवलेला आणि ओनेसिमॉसने रंगवलेला ट्रॉयच्या पाडावाचा मोठा प्याला लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने 1999 मध्ये इटलीला परत केला. त्याच्या बैठकीखाली एट्रुस्कन लिपीत हेर्क्ले, म्हणजे हेराक्लीस, याला वाहिल्याची नोंद खरडलेली आहे.

वहीत उतरवताना हा क्रम ठेवा: संग्रहाचा क्रमांक, आकाराची जात, कानांशिवाय व्यास, पद्धत, टोंडो, ‘ए’ बाजू, ‘बी’ बाजू, कानाखाली काय, अक्षरे, भट्टीच्या चुका, दुरुस्ती, सापडल्याची जागा. क्रमांक सर्वांत आधी लिहा. चित्रकाराचे नाव नव्या संशोधनात बदलू शकते आणि प्याला दुसऱ्या दालनात जाऊ शकतो, पण क्रमांकावरून त्याची नोंद यादीत लगेच सापडते.